वाढणारीचं पान

या गं बायांनो, जरा पुढं सरका. त्या खांबापाशी बसलेल्यांनीही या. टाळ मांडीवर ठेवा, इतक्यात वाजवू नका. पखवाजवाले चहाला गेलेत, महाराजांना यायला अवकाश आहे. तोवर मी एक गोष्ट सांगते.

भरे गावच्या बायका म्हणतील, कल्पनाकाकूंची गोष्ट आम्हाला पाठ आहे. खरं आहे. सप्ताहाच्या सहाव्या दिवशी, बायकांच्या भजनानंतर, बावीस वर्षं मी ही एकच गोष्ट सांगत आले. पण ती मी चुकीची सांगत होते. नेऱ्याहून, उरवड्याहून आलेल्या पाहुण्या बायकांना ती ठाऊक नाही, म्हणून आधी जुनी सांगते, मग खरी. जिचं नाव तीत येणार आहे त्या पोरीला विचारलंय. तिनं एवढंच मागितलं, की वजनाचा आकडा सांगू नका. तो मी सांगणार नाही.

जुनी गोष्ट अशी. माझं माहेर उरवडे. चंद्रकला माझी थोरली बहीण. ती एकोणीस वर्षांची, मी अकरा. तिनं आधी भात सोडला, मग रात्रीचं जेवण, मग एकादशीला धरलेला उपास द्वादशीला सोडेना. भाकऱ्या तीच थापायची, सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची, आणि आई म्हणाली, "तू बस आता," की म्हणायची, "मी मगाशीच जेवले." दिवसातून चार वेळा टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणायची. अंगानं काडी झाली, पण डोळे असे तेजाळ की बघवत नसत. हातांवर, पाठीवर बारीक सोनेरी लव आली, वासराच्या अंगावर असते तशी. लोक म्हणायचे, देवानं हिला पांघरूण घातलंय. बाया तिच्या पाया पडायच्या.

शेवटी थोरल्या भावाचं लग्न ठरलं. आईनं गळ्याची शपथ घातली, तेव्हा ती पारण्याला तयार झाली. म्हणाली, "कल्पी भरवील तर खाईन." गव्हाची खीर होती, गूळ घातलेली. मी माझ्या हातानं तीन वाट्या भरवल्या. दुसऱ्या दिवशीही भरवली. घरात आनंदीआनंद. चौथ्या दिवशी सकाळी ती तुळशीपाशी बसल्याबसल्या गेली. सगळे म्हणाले, व्रत पुरं झालं, देवानं नेलं. टाळ-मृदंगात नेली तिला.

ही गोष्ट सांगताना मी रडायचे, तुम्ही रडायच्या. आपल्या मंडळाला तिचं नाव दिलं. फोटो लावला, खाली लिहून घेतलं, 'निराहारी चंद्रकला'. आणि या सगळ्यात अगदी पुढच्या रांगेत, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून, पाच वर्षांची असल्यापासून एक पोरगी बसायची. आरोही. शेखर आणि शुभांगीची.

शेखर उरवड्याच्या कंपनीत आहे, शुभांगी घरचं बघते, मागच्या चार खोल्या भाड्यानं देते. आरोही तेव्हा बारावीला, सायन्सला. गोबऱ्या गालांची होती. पंगतीचं सगळं बघणारे आपले हैबतराव, त्यांनीच तिचं नाव 'लाडू' पाडलं होतं. गेल्याच्या आदल्या दिवाळीपासून ती उतरायला लागली. आधी सगळ्यांना कौतुक. मीसुद्धा म्हणाले, "किती गं गोड दिसायला लागलीस!" ती लाजली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी परीक्षेचा निकाल सांगितला.

गेल्या वर्षीच्या सप्ताहाआधी, फाल्गुनात शुभांगी माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, पदराचं टोक पिळत.

"काकू, तुमचं ऐकती ती. जरा सांगा ना तिला. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी. भगर केली तर निस्ती ताटात फिरवती. मला वाढती, ह्यांना वाढती, समोर बसून खायला लावती. आन् सोताचं ताट कुटं हाय म्हणलं, तर म्हणती मगाशीच खाल्लं."

माझ्या अंगावर तेव्हाच काटा यायला हवा होता. मी म्हणाले, "अगं येडे, लोकांच्या पोरी मोबाइलमधी डोकं घालून बसत्यात. तुजी देवाचं करती, तर तू रडतीस व्हय?"

"चार म्हैने झाले, पाळी न्हाई आली तिची."

"परीक्षेचा ताण असंल."

"उनात बसली तरी बोटं गार लागत्यात, काकू. निळी दिसत्यात."

"रगात कमी असंल. बीट खायला घाल."

सांगा, मी कोण होते हे सांगणारी? डॉक्टर होते? पण मी एवढ्या ठामपणे बोलले की ती माऊली उठून गेली.

चैत्रात सप्ताह बसला. आरोही माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, सात दिवस मी निराहार राहणार. दिवसाला एक पेला ताक, बास. आणि मला विण्याचा पहारा द्या."

सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत, हे पाहुण्यांनाही माहीत असेल. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. पहारा दोन तासांचा, उभ्यानं. आरोहीनं दिवसाचे तीन पहारे मागितले. मंडळातले दोघंतिघं कचरले. हैबतराव म्हणाले, "लेकरू हाय, झेपंल का?" मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या चंद्रकलाला झेपलं होतं." मग कोण बोलणार?

जाताना पोरगी हळूच म्हणाली, "काल्याच्या दिवशी पारणं तुम्हीच सोडवा. चंद्रकलाताईंना भरवली तशीच खीर. तुमच्या हातानं."

मला भरून आलं. तिला पोटाशी धरलं. सतरा वर्षांची पोर, आणि तिच्या पाठीचे मणके माझ्या तळव्याला जपमाळेसारखे लागले. मणी मोजावेत तसे. आणि मला वाटलं, केवढी ही पुण्याई.

पहारा घेताना इतर जण खांबापाशी उभे राहतात, जागच्या जागी डुलतात. ही चालायची. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकाला, पुन्हा मागं, पुन्हा पुढं, दोन तास, एकदाही न थांबता. पहारा संपला की लगेच पंगतीत बादली घेऊन हजर. चैत्राचं ऊन, पत्र्याचा मांडव, पुरुषांच्या बंड्या घामानं ओल्या, आणि हिच्या अंगात लोकरीचा स्वेटर.

"ए लाडू," हैबतराव ओरडायचे, "महाबळेश्वरला निघालीस का काय?"

पंगत हसायची. तीही हसायची. आणि आमटी वाढायची. असा आग्रह की माणसानं पत्रावळीवर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून भात पडायचा. "घ्या ना आबा. एक घास. माझ्यासाठी." मग तिथंच थांबायची. तो घास उचलला जातो, तोंडात जातो, चावला जातो, गिळला जातो, हे सगळं बघायची. तिची नजर माणसावर नसायची, घासावर असायची. शेवटच्या पंगतीला वाढपी बसायचे, तेव्हा ती विण्याला गेलेली असायची. सहा दिवसांत हजारभर माणसांनी तिच्या हातचं खाल्लं. तिच्या पुढ्यात पत्रावळ कुणी पाहिली नाही, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती मांडवाच्या मधोमध आली आणि थांबली. ती थांबली म्हणूनच मी वर बघितलं. ओठ पांढरे. गुडघे दुमडले. पडता पडता तिनं दोन्ही हातांनी वीणा वर धरली.

मी जवळ होते. चार पावलांवर. मी धावले आणि पकडली.

वीणा. वीणा पकडली मी. पोरीचं डोकं खांबाच्या दगडावर आपटलं, त्याचा आवाज मी ऐकला, आणि तरी माझे दोन्ही हात विण्यालाच होते. ती माझ्या एकटीची चूक म्हणावी तर तिथं आणखी पाच जण होते, आणि पाचही जण विण्याकडेच धावले होते.

तिनं डोळे उघडले. पहिलं वाक्य, "काकू, टेकली नाही ना?"

"न्हाई गं बाळा, न्हाई टेकली."

आणि अख्खा मांडव गहिवरला. कुणीतरी गजर केला. त्या गजरात शुभांगी गर्दी फोडत आली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गजर थांबवला.

दुसऱ्या दिवशी शुभांगीनं लेकीला सगळ्यांसमोर अट घातली. सहाव्या दिवशी मांडवात मोफत तपासणीचं शिबिर होतं, पिरंगुटच्या डॉक्टर सुनीती दरवर्षी घेतात ते. "तितं काट्यावर उभी ऱ्हा. शिमग्याला होतं तेवढं वजन भरलं तर मी पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई. न्हाई भरलं, तर वीणा बंद, उपास बंद."

"चालेल," आरोही म्हणाली. इतक्या शांतपणे, की शुभांगीच चरकली.

सहाव्या दिवशी सकाळी टाळ मांडायचं काम माझ्याकडे होतं. खुंटीवर चोवीस जोड असतात. एकवीस भरले. पोरांनी खेळायला नेले असतील म्हणून मी तो विषय सोडला.

शिबिराला रांग लागली. आरोहीची पाळी आली. स्वेटर घालूनच ती काट्यावर चढली. डॉक्टर म्हणाल्या, "बाळ, स्वेटर काढ."

"थंडी वाजते, मॅडम."

आकडा आला. शिमग्यापेक्षा थोडा जास्तच. शेखरनं सुस्कारा सोडला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "उगा जिवाला घोर लावलास." आरोही हसली, आणि काट्यावरून खाली उतरली.

किण.

बारीकसा आवाज. माणसांच्या गलबल्यात कुणाला ऐकूही गेला नाही. पण चाळीस वर्षं मी टाळ वाजवलेत. पितळेवर पितळ घासलं की माझ्या कानाला कळतं. तिनं पाऊल टाकलं. पुन्हा, किण.

मी पुढं झाले. का झाले, देव जाणे. तिच्या कमरेला हात लावला. स्वेटरच्या आत ओढणीनं आवळून बांधलेले तीन जोड होते. पितळ अंगाच्या उबेनं तापायला हवं होतं. बर्फासारखं गार होतं.

"काकू," ती माझ्या कानाशी पुटपुटली, "सांगू नका. तुम्हाला चंद्रकलाताईंची शपथ."

ते ऐकून माझा हात तिथंच राहिला. डॉक्टरांनी मात्र तो पाहिला होता. त्यांनी ना आरडाओरड केली, ना जाब विचारला. तिला पडद्याआड नेलं, शुभांगीला आणि मला बोलावलं. टाळ सोडून बाजूला ठेवले. पोरीच्या पोटात नुसतं पाणी होतं, काट्यासाठी प्यालेलं. मग त्यांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही भजनातल्या ना? धरा जरा."

मी धरलं. एक ठोका लागला. मग काही नाही. मी वाट बघत राहिले. संथातला संथ ठेकाही इतका थांबत नाही. मग दुसरा.

"मिनिटाला अडतीस," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पोरीची बाही वर सारली. कोपरापर्यंत बारीक सोनेरी लव होती.

माझ्या तोंडून निघालं, "देवाचं पांघरूण."

"पांघरूणच आहे, काकू. पण देवाचं नाही. अंगात चरबी उरली नाही की शरीर ऊब धरायला केस वाढवतं. अगदी शेवटचा उपाय म्हणून." त्या शुभांगीकडे वळल्या. "या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. ही हट्टी नाही, आणि तुमचंही काही चुकलं नाही. भूक लागत नाही असंही नाही. खाण्याची आणि वजन वाढण्याची इतकी भीती बसते की त्या भीतीपुढं जीवही लहान वाटतो. हिला आत्ता, या घडीला पुण्याला न्यायचं. मी गाडी बोलावते."

'पुण्याला' म्हटल्यावर आरोही ताडकन उठली. "नको! दवाखान्यात नको! मी खाते. आत्ता खाते. काकू, तुम्ही भरवा. खीर आणा. तुमच्या हातानं भरवा, मी सगळी खाते."

शुभांगी रडायला लागली, आनंदानं. पाच महिन्यांत लेकीनं पहिल्यांदा खायला मागितलं होतं. पडद्याबाहेरून हैबतराव म्हणाले, "खातो म्हणतंय लेकरू, मग दवाखाना कशाला? आणा रे खीर!" त्या दिवशी पंगतीला खीरच होती. माझ्या हातात वाटी कुणी दिली मला कळलंही नाही. गव्हाची, गूळ घातलेली. आरोहीनं तोंड उघडलं. मी चमचा उचलला.

"काकू, वाटी खाली ठेवा."

डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. तरी माझा हात थांबला.

"इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम गोड, पोटभर गेलं की रक्तातले क्षार झपाट्यानं खाली जातात. हृदय बंद पडू शकतं. लगेच नाही. दोन-चार दिवसांनी. पोर खायला लागली म्हणून घरचे खुशीत असतात, आणि तेव्हाच घात होतो. हिचं खाणं हॉस्पिटलमध्येच सुरू करायचं, थोडं थोडं, रोज रक्त तपासून."

"चौथ्या दिवशी?" मी विचारलं.

"काय?"

"चौथ्या दिवशी जातं का माणूस?"

"चौथ्या दिवशीही. का हो?"

मी वाटी खाली ठेवली. तीन वाट्या होत्या तेव्हा. दुसऱ्या दिवशी आणखी. एकेक घास मी फुंकर घालून दिला होता. पुढं मी डॉक्टरांना ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, न बघितलेल्या माणसाबद्दल मी खात्रीनं बोलणार नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलीचा काय दोष. भल्या आहेत त्या.

गाडी आली. आरोही खांबाला मिठी मारून बसली. शेखर तिला सोडवेना, त्याला भीती वाटत होती की बोटं मोडतील. ती ओरडत होती, "चंद्रकलाताईंना कुणी दवाखान्यात नेलं होतं? सांगा ना! त्यांना नेलं होतं का?"

अख्खा मांडव माझ्याकडे बघायला लागला. याच जागी मी उभी होते, त्या फोटोखाली. बावीस वर्षांची गोष्ट माझ्या जिभेवर होती आणि ती पोरगी तिच्याच आधारानं मरायला निघाली होती.

मी म्हणाले, "न्हाई नेलं. म्हणून गेली ती."

"देवानं नेलं त्यांना!"

"देवानं न्हाई, बाळा. आजारानं नेलं. तिला झालेलं कुणाला कळलंच न्हाई. आमी पाया पडत बसलो. आन् शेवटची खीर मी भरवली."

"खोटं बोलताय तुम्ही." तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी परत बघू नये कधी. "मला दवाखान्यात न्यायचं म्हणून खोटं बोलताय."

"बावीस वर्षं बोलले. आज न्हाई."

तिचे हात खांबावरून सुटले. माझं पटलं म्हणून नव्हे. ताकदच संपली होती. शेखरनं तिला उचललं, आणि गाडी गेली. काल्याचं कीर्तन झालं दुसऱ्या दिवशी. मला एक अक्षर आठवत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. बावीस दिवस ती हॉस्पिटलात होती. पहिले सहा दिवस छातीला तारा लावलेल्या, पडद्यावर ठोके. खाणं मापून, हळूहळू वाढवत. मनाचे डॉक्टर, आहार बघणाऱ्या बाई, सगळे मिळून. घरी पाठवताना त्यांनी सांगितलं, आता पोरीनं कुणाला वाढायचं नाही. तिचं पान आईबापांनी वाढायचं आणि संपेपर्यंत शेजारी बसायचं. रागवायचं नाही, सौदा करायचा नाही, उठायचंही नाही. शेखरनं कंपनीतली पाळी बदलून घेतली, दुपारी घरी असावं म्हणून. अर्ध्या भाकरीला दीड दीड तास लागायचा. ताट भिंतीवर फेकलेलंही शुभांगीनं पुसलं आणि दुसरं वाढलं.

हैबतराव एकदा भेटायला गेले. मायेनंच म्हणाले, "व्वा लाडू, आता कसं बाळसं धरलंस!" पोरीनं दोन दिवस ओठ उघडले नाहीत. तेव्हापासून ते तिच्या दिसण्याबद्दल बोलत नाहीत. दारातून विचारतात, "अभ्यास कसा चाललाय?" या दिवाळीत ती पुन्हा घसरली, पुन्हा दाखल करावी लागली. डॉक्टर म्हणतात, वर्षं लागतील. धोका टळला असं त्या अजून म्हणत नाहीत. मी विचारत नाही.

आज ती मांडवात आली आहे. कुठं बसली आहे ते शोधू नका. वीणा तिच्या गळ्यात नाही, आणि यंदा ती पहिल्या पंगतीला बसणार आहे, आईच्या शेजारी. खाईल का, किती खाईल, मला माहीत नाही. सकाळी मी टाळ मांडले तेव्हा चोवीस जोड भरले. दोनदा मोजले. आता दरवर्षी दोनदा मोजणार.

फोटोखालचा तो शब्द मी खरवडून काढला. नुसतं नाव ठेवलं.

पखवाजवाले आले बघा. तेवढं एक मागते तुमच्याकडं आणि बसते. माझ्या चंद्रकलाची आठवण ठेवा. हार नको, पाया पडणं नको. पंगतीत पत्रावळ समोर आली, कुणी आग्रहानं वाढायला लागलं, की एकोणीस वर्षांची ती पोर आठवा, आणि वाढणारीचा हात धरून विचारा, "तुझं पान कुठं आहे?" तिला हे कुणीच विचारलं नाही.